लाडावलेली गुडघे टेकते

शनिवार, ८ फेब्रुवारी

ठरलं. गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे बसवायचे, म्हणजे बटण दाबलं की ती खाली बसेल! बाबांना अजून सांगितलेलं नाही.

दुपारी ते डुलकी घेत होते तेवढ्यात मी मोजपट्टी घेऊन गॅरेजमध्ये गेले. पिकअपची सीट जमिनीपासून बत्तीस इंच. मग स्वयंपाकघरात येऊन बाबांची खुर्ची मोजली. अठरा. मधल्या चौदा इंचांवरून आमच्या घरात तीन वर्षं अबोला चाललाय – बाबांचा आणि गाडीचा.

तीन वर्षांपूर्वी वसंतात बाबा गावाबरोबर पाट साफ करायला गेले आणि त्याच पाटात पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाली होती, "आजोबा, कुणाचा हात न धरता गाडीत बसता-उतरता आलं, की खुशाल चालवा." बाबांनी तिथल्या तिथे किल्ली काढून माझ्या हातात दिली. ती तेव्हापासून दाराजवळच्या खिळ्यावर आहे. पुढच्याच रविवारी चर्चबाहेर ऊबाल्दोने – माझ्या मावसभावाने – त्यांना काखेत हात घालून सीटवर चढवलं. बिचाऱ्याने प्रेमानेच केलं. पण आमचं अख्खं एस्पान्योला गाव बघत होतं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मी काय मिरच्यांचं पोतं आहे?" तेव्हापासून त्या गाडीत पाय ठेवलेला नाही. माझ्या छोट्या मोटारीत बसतात, तेही तोंड वाकडं करून.

आणि गाडी कुठली, तर १९७८ साली स्वतःच्या हातांनी बांधलेली! मागच्या फळीवर तिचं नाव रंगवलंय – 'ला कोन्सेन्तिदा'. लाडावलेली. मला बाबांनी कधी एवढं लाडावलं नाही.

ईस्टर वीस एप्रिलला. त्या दिवशी रिव्हरसाइड रस्त्यावर गावातल्या सगळ्या सजवलेल्या, जमिनीलगत बसणाऱ्या गाड्या मिरवत निघतात. यंदा बाबा आपल्या पायांनी, कुणाच्या हाताशिवाय तिच्यात बसले पाहिजेत. बाकी मला काही नको.

रविवार, ९ फेब्रुवारी

सांगितलं. माझ्या पाठीसाठी करतेय, असं मी म्हणाले. चढताना कळ येते.

"पाठ?" बाबा म्हणाले. "तू रोज शाळेची बस चालवतेस. त्या बसला काय शिडी लावतेस?"

मग फुगे हा शब्द ऐकला आणि बिनसलं. बाबा तेलवाले. त्यांच्या तरुणपणी गाडी खालीवर व्हायची ती तेलाच्या पंपांनी, मागे सहा-सहा बॅटऱ्या लावून. एकदा लाडावलेलीने चौकात अशी उडी मारली की पाद्रीबाबांची टोपी पडली, असं ते सांगतात. आईने ते पंप काढायला लावले, नाहीतर लग्न मोडते म्हणाली. तो राग अजून आहे. आईवर नाही, हवेवर.

"हवा वाढदिवसाला भरतात," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ऊबाल्दो आला. वेल्डिंग त्याचं, पैज लावावी असं. जीभही तशीच धारदार.

फुगे दोन जातींचे. एक जाडजूड – दोन डोनट एकावर एक ठेवल्यासारखे. खूप वजन उचलतात, मार खातात, पण चालताना जरा धसमुसळे. दुसरे लांब नळीसारखे, मऊ चालतात, पण त्यांना जागा फार लागते. ऊबाल्दोला मऊ हवेत. "ताई, पाठीसाठी ना?" असं म्हणून डोळा मारला. त्याला सगळं माहीत आहे.

मी अल्बुकर्कीच्या दुकानात फोन लावला. तिथला माणूस विचारतो, गाडी मिरवायला हवी की माल वाहायला?

म्हटलं, माल.

"किती?"

"दीडशे पौंड. वय त्र्याऐंशी. कुरकुर करतो."

माणूस म्हणाला, पुढे जाड घ्या, मागे नळीचे घ्या. कॉम्प्रेसर दोन लावा, म्हणजे वर यायला वेळ लागणार नाही. त्याला म्हातारा बाप असणार.

खोलीतून बाबांचा आवाज आला, "दोन कशाला? तोंडाने फुंका की!" दार बंद होतं. कान उघडे होते.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. उपवासाच्या चाळीस दिवसांत मी गोड सोडलं. बाबांनी 'फुगा' हा शब्द सोडला! पाद्रीबाबांना सांगूनसुद्धा आले. दुपारपर्यंत 'ती गोल वस्तू' म्हणत होते. पहिल्यापेक्षा जास्त टोचतं.

शनिवार, ८ मार्च

आज चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कापायची होती. गाडी खाली बसली की मागचा अॅक्सल वर येऊन चासीवर आपटतो. म्हणून तिथे अर्धगोल खाच पाडायची आणि वरून कमानीसारखी पट्टी जोडायची. ऊबाल्दोने खूण केली, चष्मा लावला, ग्राइंडर सुरू केला.

"थांब."

बाबा. वॉकर घेऊन गॅरेजच्या दारात. तीन वर्षांत ते गॅरेजमध्ये आलेले मी पाहिले नव्हते.

"तिथे नको. तिथे आतून माझी पट्टी आहे. अठ्ठ्याहत्तरची. ती कापलीस तर गाडी मधून वाकेल." खडू मागितला. वाकता येईना, मग वॉकर धरून हळूहळू खाली टेकले आणि स्वतः रेघ मारली. ऊबाल्दोच्या रेघेपासून तीन बोटं पुढे. उठायला दहा मिनिटं लागली. ऊबाल्दोने हात पुढे केला आणि बाबांचा चेहरा बघून तोच हात डोक्याला लावून केस खाजवले. आम्ही दोघं छताकडे बघत उभे राहिलो.

नंतर ग्राइंडर सुरू झाला तेव्हा बाबा आत निघून गेले. आवाज त्यांना ऐकवेना. मलाही नाही ऐकवला.

रविवार, ९ मार्च

बाबांनी पनोचासुद्धा अर्धी टाकली. मोड आलेल्या गव्हाची गोड खीर, आईच्याच पद्धतीने केलेली. कालचा ग्राइंडर अजून कानात असणार. मी गोड सोडलंय, त्यामुळे उरलेली ऊबाल्दोने खाल्ली.

शनिवार, २२ मार्च

लिहायला लाज वाटते.

सगळं बसलं. फुगे, नळ्या, टाकी, कॉम्प्रेसर. मी बटण दाबलं आणि लाडावलेली सुस्कारा सोडत खाली, खाली, पार जमिनीला टेकली! ऊबाल्दोने टोपी उडवली. मी रडले असेन थोडी. मग वरचं बटण दाबलं.

काही नाही.

फ्यूज उडालेला. टाकी रिकामी. नवा फ्यूज लावायचा बॅटरीजवळ, बॅटरी बॉनेटखाली, आणि बॉनेटची कळ पुढच्या बंपरखालून ओढावी लागते – तो बंपर जमिनीला चिकटलेला. जॅक घालायला बोटभर फट नाही. सात पिढ्या गाड्या बांधणाऱ्यांच्या खानदानात जन्मल्यासारखा तोरा मिरवणारे आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून फट शोधत होतो.

मागून खूं खूं आवाज. वाटलं खोकला. बाबा हसत होते! वॉकर हलत होता.

"एकोणऐंशीत माझं पण असंच झालं," म्हणाले. "चौकात. सगळ्या बॅटऱ्या मेल्या. शेतातला उंच जॅक आण, ट्रॅक्टरचा. बंपरला वरून अडकवतात. आणि पोरी – गाडी बसवायच्या आधी खाली लाकडाचे ठोकळे ठेवायचे असतात. एवढं तरी शिकवलं होतं ना मी?"

शिकवलं होतं. मीच विसरले.

संध्याकाळी जेवताना दोनदा आपल्याशीच हसले. चिलीचा तिखट रस्सा पुन्हा वाढून घेतला.

गुरुवार, २७ मार्च

एका बाजूने हवा जाते. भांड्यांच्या साबणाचं पाणी मारून सगळे सांधे तपासले, बुडबुडे कुठेच नाहीत. बाबा खुर्ची टाकून बसले, डोळे मिटले. "मागे डावीकडे. वरचा सांधा. शिट्टी वाजवतोय." खरंच तिथेच होतं. ऊबाल्दो म्हणतो, यांना टीव्ही ऐकू येत नाही आणि हे ऐकू येतं!

शनिवार, १२ एप्रिल

झालं. गाडी खाली बसवून ऊबाल्दोच्या पट्टीने मोजलं: सीट जमिनीपासून एकोणीस इंच. बाबांच्या खुर्चीपेक्षा एकच जास्त. मी बसले, ऊबाल्दो बसला. काही त्रास नाही. बाबांना म्हटलं, बघता का बसून?

"पाठ तुझी आहे," म्हणाले.

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडे. सकाळपासून चिमायोच्या चर्चकडे यात्रेला चालत जाणारे लोक घरासमोरून जातायत. आम्ही ओसरीत बसून पाणी देत होतो.

म्हटलं, "रविवारी येणार ना?"

"खुर्ची रस्त्याकडेला मांड. तिथून दिसतं." मग माझ्याकडे न बघता – "पाठीचं खोटं आहे ना?"

"हो."

"हं."

एक बाई पाय चोळत थांबली होती, तिला बाबांनी संत्रं दिलं. ती गेल्यावर म्हणाले, "मोजपट्टी वापरली की जागेवर ठेवत जा. फेब्रुवारीपासून माझ्या खुर्चीखाली आहे."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. पण ते उठून आत गेले नाहीत, माझ्याशेजारीच बसून राहिले.

रविवार, २० एप्रिल – ईस्टर

सगळं लिहिते. क्रमाने.

चर्चमधली मिस्सा झाल्यावर गाडी अंगणात आणली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, वरच्या गुंडीपर्यंत लावलेला. मी रिमोट दाबला. लाडावलेलीने सुस्कारा सोडला आणि त्यांच्या पायाशी बसली. बाबा वॉकरवरून वळले, पाठ सीटकडे केली, आणि बसले. नुसते बसले! कुणी हात लावला नाही. मग एक पाय आत, दुसरा पाय हाताने उचलून आत. दार स्वतः ओढलं.

"काय बघताय?" म्हणाले. "उशीर होतोय."

रिव्हरसाइडवर किती जणांनी हाका मारल्या! "डॉन एलिसेओ! कुठे होतात?" बाबा खिडकीतून दोन बोटं वर करायचे, राजासारखे. मी हळू चालवत होते. ते म्हणाले, "अजून हळू." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हे सांगितलं.

आणि मग घरी.

गाडी खाली बसवली. बाबांनी पाय बाहेर काढले, वॉकर धरला, जोर लावला. उठता येईना. पुन्हा. पुन्हा. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला – स्वयंपाकघरातल्या खुर्चीला हात आहेत! ते हातांवर रेटा देऊन उठतात. मी उंची मोजली आणि खुर्चीचे हात मोजायचे राहिले. दोन महिने, दोन कॉम्प्रेसर, कापलेली चासी, आणि हे राहिलं! कुंपणापाशी शेजारी उभे. ऊबाल्दो नकळत पुढे झाला.

"हात लावशील तर बघ."

बाबांच्या कपाळावर घाम. मला वाटलं, संपलं. आता परत कधी बसणार नाहीत, आणि दोष माझा.

तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे हात पसरला. "ते दे. वर जायचं बटण कुठलं?"

दाखवलं. त्यांनी पाय जमिनीवर घट्ट रोवले, वॉकर धरला, आणि अंगठ्याने बटण दाबलं. कॉम्प्रेसर घुमला. लाडावलेली वर यायला लागली – आणि बाबांना घेऊन यायला लागली! सीटने त्यांना खालून हळूहळू वर आणलं, गुडघे सरळ झाले, आणि ते उभे होते. स्वतःच्या पायांवर. आपल्या अंगणात.

ऊबाल्दो नाक शिंकरत कोपऱ्यात गेला. मी उघड उघड रडले.

बाबांनी सीटवर थाप मारली. "फुगे बरे आहेत," म्हणाले. उपवास संपलाय, शब्द परत वापरता येतो.

रिमोट मागायचं मला सुचलं नाही. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला.

सोमवार, २१ एप्रिल

शाळेला सुट्टी. उशिरा उठले. घर फार शांत होतं. खिळ्यावर किल्ली नाही. गॅरेज रिकामं. जिथे लाडावलेलीची डावी बाजू असते, चालवणाऱ्याची, तिथे वॉकर नीट घडी करून भिंतीला लावलेला, आणि त्यावर चिठ्ठी – "डॉक्टरबाई काय म्हणाली होती, आठव. दूध संपलंय, घेऊन येतो."

फ्रिज उघडून पाहिला. दुधाचे दोन कॅन, काठोकाठ भरलेले.