पाठ झाकणारा गाऊन

१२ ऑक्टोबर २००४, शॉमबर्ग (अमेरिका)
बायॉप्सी झाली. सुईचं काही नाही, पण तो गाऊन! बांधायचे बंद मागे, तेही अपुरे. कॉरिडॉरभर एका हाताने पाठ धरून चालले. सिनेमात इतकी वर्षं काढली, आउटडोअरला चादरीच्या आडोशाने लुगडी बदलली, कधी एवढं उघडं वाटलं नाही. शुभाला म्हटलं तर, "आई, सगळ्यांना हेच देतात गं." लेकीचं तोंड पांढरंफटक. रिपोर्ट आठवड्याने.

१९ ऑक्टो.
फोन आला. गाठ साधी. कॅन्सर नाही. शुभा फोन ठेवून किचनच्या फरशीवरच बसली नि हसायला लागली. मग रडली. मी कुकर लावला. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

६ नोव्हें.
जुन्या चादरी फाडल्या. शुभाने कुणाच्या तरी गराज सेलमधून जुनं शिलाई मशीन आणलंय. गाऊनची कल्पना अशी: पाठ पूर्ण बंद, पुढे पदरासारखे एकावर एक येणारे दोन भाग. डॉक्टरला जी बाजू बघायची तेवढीच उघडते.
शूटिंगला झटपट बदलता येईल असं लुगडं मीच बसवलं होतं, आतून हुक लावून. पुढे सगळ्या नट्या तसंच शिवून घ्यायला लागल्या. नाव कपडेपटवाल्याचं झालं. डायरेक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त चेहरा सांभाळा." सांभाळला...

१६ जाने. २००५
इथल्या महाराष्ट्र मंडळाची संक्रांत. एका काकूंनी ओळखलं. "अगंबाई, तुम्ही त्याच ना? अजून खळी पडते!" मग घोळका, फोटो. मी गाऊनचं सांगायला गेले. "हो का, छान," म्हणाल्या, नि परत खळीवर. येताना गाडीत शुभा म्हणाली, "आई, आपण पेटंट फाइल करू. सीरियसली."

२२ एप्रिल
फेरतपासणी. माझाच गाऊन पिशवीतून नेला, भीत भीत. नर्स कॅरल, दांडगी बाई. डावी बाजू उघडली, मिटली, उजवी उघडली. "हू मेड धिस?" म्हटलं, मी. तिने दारातून आणखी दोघींना हाक मारली. मध्ये मी उभी, तिघी निरखून बघताहेत, आणि चेहऱ्याकडे एकीचंही लक्ष नाही! काय हलकं वाटलं.
(तपासणी ठीक. हे लिहायचंच राहिलं होतं.)

९ जून
वकिलाकडे. तरुण मुलगा. फोनवर शुभा बोलली म्हणून कागदांवर तिचंच नाव घातलेलं. शुभा म्हणाली, "नो, नो. इन्व्हेंटर इज माय मदर." त्याने मान वळवून मला नीट पाहिलं. आधी काय करायचात, विचारलं. "ॲक्टिंग," म्हटलं. तो हसला, थट्टा वाटली बहुतेक. पडद्यावरचं नाव निर्मात्याने ठेवलेलं. इथे पासपोर्टवरचं, माझं. सही जरा वाकडी आली. असू दे.

३ ऑक्टो. २००६
पेटंट ऑफिसचा नकार. आधीच्या कुठल्याशा गाऊनशी साम्य आहे म्हणे. वकील सांगतो, पहिल्यांदा पुष्कळांना नाहीच म्हणतात, आपण उत्तर देऊ. शुभा माझ्याकडे चोरून बघत होती. मला वाटलं होतं, रडू येईल. नाही आलं. कॅरलने वॉर्डात वापरून बघायला गाऊन मागितलेत, ते शिवायचे आहेत.

२० नोव्हें.
वकिलाने उत्तर पाठवलं. कळायला महिने लागतील, काहीही होऊ शकतं म्हणतो.
दुपारी कॅरलचा फोन. शिवून दिलेल्यांतला एक गाऊन परत आला नाही. एक पेशंट कोटाखाली तोच घालून घरी गेली. कॅरलला ती पार्किंगमध्ये दिसली, पण हाक मारवेना. "आय ॲम सो सॉरी," म्हणाली. सॉरी कसलं! शुभाला ऑफिसात फोन लावला. तिला हसू आवरेना. म्हटलं, येताना गाऊनसाठी आणखी निळं कापड घेऊन ये.