कबुतराच्या मानेचा रंग

४ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे मी, कारखाना आणि गाडी. चौथं घरात कुणी नाही हे तुला ठाऊकच आहे. लेकीचे पेपर कसे गेले? तुझी कंबर काय म्हणते? बस चालवताना पाठीला उशी लाव म्हटलं होतं, लावली नसशीलच. शाळेची पोरं एवढी नेतेस-आणतेस, पण स्वतःची हाडं सांभाळायला तुला सवड नाही.

अक्षर एवढं थोराड कसं आलं, असं म्हणशील. हाताशी जाड पेन होतं, दुसरं शोधायचा कंटाळा केला.

बातमी अशी की गाडी विकायला काढलीय. हस, पोटभर हस. "ताई, बसायची जागा दोघांची आणि किंमत आख्ख्या इमारतीची!" असं तू म्हणाली होतीस, आणि मी महिनाभर तुझ्याशी अबोला धरला होता. विकणारा तेव्हा छातीठोकपणे सांगत होता, "जगात अशा साठच बनल्यात, हिचा भाव वर्षागणिक चढणार." पण मी ती भावासाठी घेतलीच नव्हती. रंगासाठी घेतली. जन्मभर कापड रंगवणाऱ्या बाईला दुसरं काय दिसणार? कबुतराच्या मानेचा रंग गं. सावलीत जांभळट, ऊन पडलं की हिरवा, आणि वळणावर मध्येच कुठेतरी तांबूस झाक. रंगमास्तरांनी आणि मी तो कापडात उतरवायला जिवाचा आटापिटा केला. उभ्या ताण्याला एक रंग, आडव्या बाण्याला दुसरा, असं धूपछाव विणून घेतलं. जवळ जायचा आणि निसटायचा. शेवटी मास्तर म्हणाले, "बाई, काही रंग बघायचे असतात, करायचे नसतात."

काल दलाल येऊन गेला. बाजारात बैलाचे दात बघावेत तसा गाडीभोवती फिरला. म्हणाला, "लाल असती, पिवळी असती, तर हातोहात गेली असती. हिचा रंग कुठला ते धड सांगताच येत नाही गिऱ्हाइकाला. त्यात कंपनीनं यंदा हिच्याच धर्तीवर दुसरी काढलीय, चांगली हजारोंनी. आता साठांचं कौतुक कुणाला?" म्हणजे बघ, धाकट्या बहिणीनं थोरलीचा भाव पाडला! आपल्याकडे वेगळं काय चाललंय म्हणा.

शिवाय डावं दार मी रंगवून घेतलंय तेही त्यानं हेरलं. मूळ रंग आता कंपनीकडेसुद्धा मिळत नाही, त्यामुळे जवळपासचा लावावा लागला. "ठिगळ दिसतंय," म्हणाला. मी म्हटलं, फाटकाचा खांब मध्ये आला. तो म्हणाला, "खांब कधीपासून मध्ये यायला लागले?" चावट मेला. त्यानं जो आकडा सांगितला तो इथे लिहीत नाही. घेतली त्याच्या निम्माही नाही.

का विकतेस विचारशील. वय झालं, एवढी वेगाची गाडी आता झेपत नाही. एवढंच.

आणखी एक. मागे तू फोनवर म्हणाली होतीस की दुपारच्या फेरीला डोळे दिपतात, काळा चष्मा लावूनसुद्धा. अजून होतं का तसं? सहज विचारते.

तुझी ताई


१७ मार्च

ठमे,

पत्र मिळाल्या मिळाल्या तुझा फोन आला. "डोळ्यांचं काय मध्येच? तुला काय झालंय ते सांग आधी," म्हणालीस. मी "काही नाही गं" म्हणून फोन ठेवला. बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं, आणि मी रडले की तू लहानपणीसारखी घाबरतेस. म्हणून लिहिते.

खांब मध्ये आला नव्हता. मला तो दिसलाच नाही.

सुरुवात कारखान्यात झाली. कापडाचा एक लॉट मी परत पाठवला, म्हटलं लाल मेलाय, फिका पडलाय, पुन्हा हौदात घाला. मास्तरांनी घातला. नंतर दुसरा परत पाठवला. तिसऱ्या वेळी ते केबिनमध्ये आले आणि दार लोटून घेतलं.

"बाई, लाल मेलेला नाही."

"मग मी काय आंधळी आहे?"

त्यांनी हातातला कापडाचा तुकडा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "एकदा दाखवून या."

मी त्यांच्यावर इतकी खेकसले की बाहेर तागे गुंडाळणाऱ्या बायका थांबल्या. तरी गेले दाखवायला. डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला मऊ. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी असतात, त्या माझ्या मरत चालल्यात, म्हणाल्या. आधी रंग जातो, उजेड सोसेनासा होतो, मग नजरेच्या ऐन मधलं पुसलं जातं. फक्त कडेकडेचं राहतं. ऑपरेशन? नाही. औषध? नाही. आम्ही लक्ष ठेवू, म्हणाल्या. कशावर लक्ष ठेवणार, ते मी विचारलं नाही.

बाहेर भर दुपार होती. ऊन असं की डोळ्यांत मूठभर मीठ फेकल्यासारखं. गाडीपाशी गेले, चावीचं बटण दाबलं, दार उघडेना. हिसके दिले. मागून एक बाई ओरडली, "अहो, काय करताय? माझी गाडी आहे ती!"

मी म्हटलं, "तुमची कशी असेल? जगात साठच आहेत अशा!"

माणसं जमली. मी तर भांडायच्या पवित्र्यात. ती बाई जवळ आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाजच उतरला. "मावशी, ही साधी राखाडी गाडी आहे हो. तुमची ती मोरासारखी का? ती बघा, तिकडे भिंतीशी."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे एक राखाडी गाडी होती. तिच्या शेजारी राखाडी. इकडे राखाडी. ठमे, एकजात सगळ्या राखाडी.

आणि तरी मी ती चालवत घरी आणली. टॅक्सी करायचं सुचलं नाही, की लाज वाटली, देव जाणे. सिग्नलला वरचा दिवा म्हणजे थांबायचं, खालचा म्हणजे जायचं, या पाठांतरावर निघाले. एका चौकात बॉनेटवर दाणकन थाप बसली तेव्हा कळलं की समोर कुणी तरी आहे. बाई होती. कडेवर मूल होतं. शिव्या देत ती पलीकडे गेली आणि मागचे हॉर्न वाजवत राहिले. मी दोनदा चुकीचा गियर टाकला. घरी आल्यावर मास्तरांना बोलावून चावी त्यांच्या हातात दिली, ती परत घेतली नाही.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. निघताना डॉक्टरांनी विचारलं, "सख्खं कुणी आहे?" म्हटलं, धाकटी बहीण. "त्या काय करतात?" मी खोटं बोलले. म्हटलं, घरीच असते. त्या म्हणाल्या, "बरं झालं. हे घराण्यातून येतं. त्यांनी तपासून घ्यायलाच हवं."

बाबा शेवटी शेवटी दुपारभर पडदे ओढून बसायचे, आठवतं? विक्षिप्तपणा म्हणून आपण हसायचो.

तुझ्या पाया पडते, थोरली असून पडते. डोळे दाखवून ये.

ताई


९ एप्रिल

ठमे,

तुझ्या फोनमधला शब्द न् शब्द कानात आहे. "तुझं गेलं म्हणून माझंही गेलंच पाहिजे का? तुझी गाडी गेली तर तुझी हौस गेली. माझी बस गेली तर चूल विझेल." खरं आहे. नवऱ्यामागे तू एकटीनं लेकीला वाढवलंस, माझ्याकडून कधी छदाम घेतला नाहीस. तुझ्यापुढे बोलायला मला तोंड नव्हतं, म्हणून ऐकून घेतलं आणि गप्प बसले. गप्पच बसणार होते.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. तिच्यावर रागावू नकोस. तिला कशाचाच पत्ता नव्हता, मावशीला गंमत म्हणून सांगत होती. जानेवारीत सुट्टीवर आली होती ना, तेव्हा तुझ्याबरोबर बसमधून एक फेरी मारली. म्हणाली, "आई हल्ली एका छोट्या मुलीला पुढे बसवते आणि प्रत्येक चौकात विचारते, 'बघू, कुणाला रंग येतात? दिवा कुठला लागला गं?' मुली भांडतात पुढच्या सीटसाठी."

"पुन्हा बोलू" म्हणून मी फोन ठेवला.

तुला कळलेलं आहे, ठमे. माझ्या पत्राच्या आधीपासून कळलेलं आहे. तू मला ओरडत होतीस तेव्हाही तुला ठाऊक होतं. एकटीनं किती महिने हे पोटात ठेवलंस? मी इथे राखाडी गाड्यांमध्ये उभी होते तेव्हा तू तिकडे तसल्याच उन्हात बसभर पोरं घेऊन... मला पुढचं लिहवत नाही.

गाडी गेल्या आठवड्यात गेली. दलालानं एक हौशी तरुण आणला, तो ती लाल करून घेणार आहे. भाव आणखी उतरला होता, मी घासाघीस केली नाही. ट्रकवर चढवून नेली. मी मास्तरांना विचारलं, "आत्ता कुठला दिसतोय?" ते म्हणाले, "फाटकापाशी हिरवा होता बाई, आता जांभळा." आलेले पैसे तुझ्या नावावर ठेवलेत. घेतली त्या पैशांत तीन घरं झाली असती, आता एखादं होईल. लेकीचं शिक्षण आणि तुझी चूल, दोन्हींचं भागेल. भीक समजू नकोस, हवं तर माझ्या तोंडावर फेक, पण आधी ठेवून घे.

हे सगळं आधी लिहिलं, कारण आता जे लिहायचंय त्यानंतर तू पुढे वाचशील की नाही कोण जाणे.

आज सकाळी मी तुझ्या शाळेत फोन केला.

मुख्याध्यापिका फोनवर आल्या. मी सांगितलं की बस चालवणाऱ्या बाईंना रंग दिसत नाहीत. त्यांना आधी खरंच वाटेना. "आमच्याकडे त्यांच्याइतकं सांभाळून कुणीच चालवत नाही," म्हणाल्या. मग विचारलं, "आपण कोण बोलताय? काही वैर वगैरे?" मी म्हटलं, सख्खी बहीण. मग म्हणाल्या, उद्यापासून डॉक्टरांचा दाखला आणेपर्यंत बस त्यांच्याकडे राहणार नाही.

हे पत्र पोचेल तोवर तुला ते कळून चुकलं असेल. कुणी केलं, तेही.

तू मला जे जे म्हणशील ते मी सकाळपासून स्वतःला म्हणून झालंय. तुझे डोळे धडधाकट निघाले तर शाळेच्या फाटकात सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. तसंच निघो, माझं आणखी काय जायचं ते जावो. पण तसं निघणार नाही हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. एखादं पोर चाकाखाली आलं असतं, तर ठमे, तू जिवंत राहिली नसतीस. मी तुला ओळखते.

दवाखान्यात एकटी जाऊ नकोस, लेकीला ने. मला बोलावलंस तर मी निघेन, मास्तर एसटीत बसवून देतील. नाही बोलावलंस तरी फाटकाची कडी लावणार नाही. ये, शिव्या द्यायला ये. दार मोठ्यानं आपट. आल्यावर आवाज तेवढा दे, म्हणजे तूच आहेस हे मला कळेल.

तुझ्या पोटावर पाय देणारी,
तुझी ताई