कुकीच्या पोटाशी माझा संबंध न्हाई

१२ एप्रिल, सकाळी
शालू, ही वही वाचशील तवा काय सांगून गेल्तीस ते तुलाच आठवणार न्हाई, म्हणून पहिल्या पानावर लिहून ठेवायला लावते. कुत्रं आणलंस, त्याची गादी आणलीस, एप्रिलात वडीगोद्रीला त्याचा रेनकोट आणलास, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते औषध पुण्यात फ्रिजवर विसरलीस. आज ट्रॅव्हल्सवाल्यानं हायवेला उतरवून दिलं. बोटाएवढी बाटली.

तुझं सांगणं असं. कुकीचं पोट सारखं बिघडतं. डॉक्टरनं सीबीडी तेल लिहून दिलं. भांगेच्या झाडाचं, पण नशा न्हाई. चार थेंब सकाळी, चार संध्याकाळी. काही कुत्र्यांना आराम पडतो, पक्कं सांगता येत न्हाई, असं तो स्वतःच म्हणला. जेवायला मऊ भात आणि उकडलेला भोपळा. तूप, गोड बंद. कांदा-लसूण तर कुत्र्याला विषच. काय खाल्लं, पोट कसं, रोज वहीत लिहायचं. महिन्यात सुधारलं तर कुत्रं इथंच राहील, कारण तुझी ड्युटी बारा तासांची. न्हाई सुधारलं तर परत पुणं.

सांगणार मी, तुझी आजी. लिहिणार तुझी आई, वंदना. मला अक्षर येत न्हाई, पण पोट सांभाळायला अक्षर लागत न्हाई. सहा लेकरं वाढवली, एकाचीबी वही ठेवली न्हाई.

नोंद: मला कुत्र्याचा लळा न्हाई.

१३ एप्रिल
थेंब भातावर टाकले. त्यानं थेंबाच्या भोवतीचा भात खाल्ला. थेंब तसेच.
वंदना म्हणती कुकी म्हणजे बिस्किट. बिस्किटाचं नाव ठेवायचं आणि बिस्किट द्यायचं न्हाई. शहरातली माणसं.

१५ एप्रिल, सकाळी
थेंब भाकरीच्या तुकड्यावर दिले. गपकन गेले. भाकर म्हणजे जेवण न्हाई, चमचा आहे. चमच्याला डॉक्टरनं मनाई केलेली न्हाई.

१७ एप्रिल
चमचा कोरडा. घशाला लागत असंल. तुपाचं बोट लावलं. माझं बोट बारीक आहे.
पोट: ठीक. वंदना म्हणती अंगण तीनदा धुतलं. अंगण आपण रोजच धुतो.

१९ एप्रिल
गल्लीत बातमी गेली की म्हातारी कुत्र्याला भांग पाजून राह्यली. शेजारचे किराणावाले सुरजमलशेठ भिंतीवरून इचारून गेले, कुत्रं होळीची गाणी म्हणतं का. म्हणलं, म्हणतं, पण उधारीवर न्हाई.

२२ एप्रिल, संध्याकाळी
चोर सापडला. सुरजमलशेठची बायको बसंतीबाई. त्यांच्यात रीत आहे, पहिली पोळी गाईला, शेवटची कुत्र्याला. माझं कुत्रं रोज भिंतीच्या खिंडीतून तिकडं जातं आणि मिशा चाटत येतं. मी इथं थेंब मोजून राह्यले आणि ती तिथं तूप लावून राह्यली. भिंतीपाशी उभी राहून सगळं सांगितलं, चार घरं ऐकतील असं. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "चांगुणाबाई, आमची पोळी कोरडी असते आणि दिवस बुडायच्या आत संपते. त्याच्या तोंडाला लसणाचा वास येतो, तो कुठला?"
मी लगबगीनं घरात गेले. माझी कढई जळून राह्यल्ती.

२३ एप्रिल
खिंडीत पत्रा लावला. आता पोट सुधारणार म्हणजे सुधारणार.

२५ एप्रिल
कुरडयांचा चीक शिजवला. चाखल्याशिवाय कुरडई घालायची न्हाई असा कायदा आहे. वंदना अंगणवाडीत. चाखणार कोण? कुकीला वाटीभर दिला. त्यानं वाटी पालथी करून चाटली. म्हणजे मीठ बराबर.

२६ एप्रिल
पत्रा लावून चौथा दिवस. पोट जास्तच बिघडलं. आधी खाल्लेल्या पोळ्या आत्ता बाहेर पडून राह्यल्या असतील. बसंतीबाईचं तूप फार जुनं असतं.
एक गोष्ट ध्यानात आली. मी वंदनाला एक ओळ सांगते आणि तिचं पेन तीन ओळी चालतं. काय लिहिलं म्हणलं, तर म्हणाली, स्वल्पविराम.

३० एप्रिल, दुपारी
अक्षय तृतीया. पुरणपोळी, आमरस. तुझ्या आजोबांचा घास माळवदावर ठेवला. अर्धा तास कावळा न्हाई. खाली कुकी बसलेला, मान तिरपी, अगदी ह्यांच्यासारखी, ताट यायला उशीर झाला की ते बसायचे तशी. मी काय करू, नवऱ्याला सणाच्या दिवशी उपाशी ठेवू? दोन पोळ्या दिल्या. वरून तूप, कारण ह्यांना लागायचं.
हे माझ्याकडून दिलेलं न्हाई. हे पितरांकडचं आहे.

१ मे
उठला न्हाई.
पाणीबी घेईना. अंबडहून जनावरांचा डॉक्टर आणला. सलाईन लावलं. मी बाटली धरून उभी राह्यले, खिळा असूनसुद्धा. खिळ्याचा भरवसा न्हाई.
वंदनाला म्हणलं, आज काही लिहू नको. ती लिहून राह्यली.

२ मे, सकाळी
शेपूट हलवली. आजपासून नुसता भात. भोपळा. थेंब. जगदंबेची शपथ घेतली.

४ मे
भाताला नुसती फोडणी दिली. मोहरीची. मोहरी औषधी असते.

५ मे
शालूचा फोन. वंदनानं माझ्या कानाला लावला. मी म्हणलं, तेल लागू पडून राह्यलंय, जरा वेळ लागंल. ती लाडानं बोलते एरवी, आज बोलली न्हाई. "आजी, चौदा तारखेला मी येते. पोट असंच असलं, तर त्याला घेऊन जाते."
म्हणलं, ने. आमचा भात वाचंल.
मंग जेवले न्हाई. उन्हाचं जेवण जात न्हाई.

६ मे
धाकट्या बहिणीच्या नातवाचं लग्न, हसनाबादला. आठ दिवस राहायलाच पाहिजे, ती थकली. वंदनाला बरोबर न्यायची. मंग कुकी? गल्लीत एकच घर उरलं. पत्रा काढला. बसंतीबाईच्या हातात बाटली दिली आणि नियम पाठ करून घेतले. तिनं इचारलं, चमचा कोणता. मी म्हणलं, तुमचा तुम्ही बघा.
दोन दिवसांत कुकी रडायला लागंल. त्यांच्या घरात कांदा न्हाई, लसूण न्हाई. पाणीसुद्धा उकळून, गाळून. दिवस बुडाला की चूल बंद, मागून कुणी कितीबी तोंड बघो.

९ मे, हसनाबाद
हळद झाली. बसंतीबाईला फोन लावायला लावला. म्हणाली, पोट बराबर आहे. शहाण्या माणसानं फोनवरच्या पोटावर विश्वास ठेवू न्हाई. त्याचा आवाज ऐकवा म्हणलं. झोपलाय म्हणाली. दुपारी चारला? तो चारला कधी झोपत न्हाई. चारला माझा चहा असतो.
हे पुसून टाक, वंदना.

१३ मे, संध्याकाळी
आलो. कुकी पळत आला, सगळं अंग हलवत. केस चमकून राह्यले. पोट घट्ट, अंगण कोरडं. थेंब भोपळ्यात कालवून दिले तर एकही उरत न्हाई, असं बसंतीबाई म्हणाली. मी फक्त ओटीतला लग्नातला बुंदीचा लाडू चाचपला, तेवढ्यात वंदनानं मनगट धरलं. आजवर ह्या सुनेनं माझं मनगट धरलेलं न्हाई. लाडू ओटीतच राह्यला. 

१४ मे
शालू आली. वंदना महिनाभर ह्या वहीचे फोटो, स्वल्पविरामांसकट, पुण्याच्या डॉक्टरला पाठवून राह्यल्ती. डॉक्टर फोनवर, आवाज मोठा केलेला. म्हणला, तेलानं थोडं केलं असंल, खाण्यानं जास्त. मंग म्हणला, "तेल चालू ठेवा. आजी बंद करा."
मायलेकी हसल्या. कुकीनंसुद्धा बघितलं.
मी शांतपणे समजावलं की पंचवीस दिवसांचं तेल माझं. आठ दिवसांत बसंतीबाईनं काय केलं? झाड मी लावलं, आंबा तिच्या दारात पडला. शालू म्हणाली, खरंय आजी. नातीचं "खरंय" मला कळतं.
फैसला असा: कुकी पुण्याला जाणार न्हाई. वडीगोद्रीतच राहील, दिवाळीपर्यंत. बसंतीबाईच्या ओसरीवर.
म्हणजे मीच जिंकले.

२० मे, संध्याकाळी
माझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं सुरळीत चालू आहे. रोज पाचला देखरेखीला तिकडं जाते. आधी बसंतीबाई हात धुवायला लावती. नंतर ओटी झटकायला लावती. मंग कुकी येतो आणि माझ्या पायावर हनुवटी टाकतो. काही मागत न्हाई. मला वाटल्तं, खायला दिलं न्हाई की तो जवळबी येणार न्हाई. काल बसंतीबाई म्हणाली, रोज येताच तर इथंच जेवत जा. तवापासून मीबी दिवस बुडायच्या आत जेवते. फिकं असतं. पोट बराबर आहे, हे लिहू नको.
शालू, कुत्र्यासाठी काही पाठवू नको. माझ्यासाठी तर बिलकुल न्हाई. पण रिकाम्या हातानं शेजारी किती दिवस जेवायला बसू? दोन किलो चिवडा पाठव, पुड्यावर जैन लिहिलेला. पोह्याचा. बटाट्याचा नको, तोबी त्यांना चालत न्हाई.