अर्ज ओळखीचा वाटल्यास

४ नोव्हेंबर
समित्याच उडवल्या! वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव — तिन्ही बंद. जीवशास्त्राच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या आमच्या सरकारी विभागाचं पत्रक आलं. दोनदा वाचलं, मग वसुंधराला दिलं. ती प्राणिशास्त्र शिकवते, मी वनस्पतिशास्त्र; स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. म्हणाली, "हेलन, म्हणजे मी आता कोण?"

मला खरं तर आनंद व्हायला हवा. राजेळी केळीच्या मर रोगाचा माझा अर्ज या तिन्ही समित्यांनीच वर्षानुवर्षं टोलवला. रोग बुरशीचा, म्हणून वनस्पतीवाले म्हणाले सूक्ष्मजीववाल्यांकडे जा. बुरशीला केळीच्या मुळांत वाट करून देतो मातीतला कृमी, म्हणून ते म्हणाले प्राणीवाल्यांकडे जा. प्राणीवाल्यांनी कळवलं — केळ ही वनस्पती आहे. मोठाच शोध!

आता भिंती नाहीत. तरी पत्रक तिसऱ्यांदा वाचलं. मे महिन्यात मी निवृत्त. ही शेवटची संधी.

९ नोव्हेंबर, आयतवार
मिस्सा झाल्यावर प्लासिडच्या वाडीत गेले. धाकटा भाऊ, पण बोलतो आजोबांसारखा. अर्धी राजेळी पिवळी पडून गेली. "बाय, तुझ्या त्या अर्जाचं काय ते लवकर सांग. नाहीतर सगळी काढतो नि चाफा लावतो." निकाल लागेपर्यंत थांब म्हटलं. थांबतो म्हणाला.

मग विहिरीकडची आठ झाडं दाखवायला लागला — "ही बघ, कशी ताठ उभी आहेत!" धडधाकट झाडांचं मी काय करू? घाई होती. आजारी झाडांचे फोटो काढले आणि निघाले.

१४ नोव्हेंबर
समित्यांच्या जागी आता विषय आहेत. ‘ताण आणि प्रतिसाद’, ‘सहजीवन’, ‘घडण’. मर रोग यात कुठे बसवू? वसुंधरा म्हणाली, "केळीला ताण, बुरशीचं सहजीवन. टॉस कर."

अर्जात नाव लिहायचं नाही. कॉलेज नाही, गाव नाही. ओळख पटता कामा नये. अहो, राजेळी वाळवून केलेली सुकेळी म्हटलं की वसई आलीच ना! शेवटी ‘किनारपट्टीवरची एक स्थानिक जात’ असं लिहिलं. तोंडाला फडकं बांधून आपल्याच घरात शिरल्यासारखं वाटलं.

आणि कहर म्हणजे — अर्ज करणाऱ्यानेच दुसऱ्यांचे पाच अर्ज तपासायचे. नाही तपासले तर आपला बाद. परीक्षेला बसलेल्यांनीच पेपर तपासायचे? मला काही कळेनासं झालंय.

विघ्नेशला फोन केला. इथल्या जवळच्या तुळिंजचा, माझा जुना विद्यार्थी, हल्ली रत्नागिरीला शिकवतो. त्यानेही अर्ज केलाय. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मॅडम, विषय सांगू नका हं. नियम आहे." मला नियम शिकवतो!

२६ नोव्हेंबर
पाठवला. ‘ताण’मध्ये. बहुतेक.

३ डिसेंबर
पहिल्या वर्षाच्या मुलांनी प्रॅक्टिकलला नुसती पिवळी रोपं मोजून आणली. ओरडले — "आजारी झाड कोणीही मोजतं! शेजारचं उभं आहे ते का उभं आहे, ते आधी सांगा!" मागच्या बाकावर खसखस. प्रत्येक बॅचला हे वाक्य पाठ असतं. विघ्नेश तर गॅदरिंगला साडी नेसून माझी नक्कल करायचा — हेच वाक्य, हेच हातवारे.

१६ डिसेंबर
पाच अर्ज आले. चार परके. पाचवा खाडीतल्या खेकड्यांवर — हा विघ्नेशच! कॉलेजात असताना खिशात खेकडे घेऊन फिरायचा कार्टा.

खाली एक बटण आहे. ‘अर्ज ओळखीचा वाटल्यास येथे कळवा.’ वाटल्यास म्हणजे किती वाटल्यास? कळवलं तर अर्ज दुसऱ्या कोणाकडे जाईल, तो काय गुण देईल देव जाणे. आणि नाही कळवलं तर मी लबाड.

२० डिसेंबर
नाही दाबलं. सात द्यायला हवे होते, दहापैकी नऊ दिले. आता झोपेचं खोबरं.

२८ डिसेंबर
विघ्नेश नाताळचं भेटायला आला. नेवऱ्या, आमच्या नाताळच्या करंज्या, पुढे केल्या तर एकच खाल्ली. नजरेला नजर देईना. मी मुद्दाम विचारलं, "खेकडे काय म्हणतात?"

"खेकडे? मॅडम, मी दगडफुलावर लिहिलंय." आणि जीभ चावली.

मग मी नऊ दिले कोणाला?! चेहऱ्यावर काही दिसू न देताना जीव गेला. तो लगेचच उठला. प्लासिडच्या वाडीवरून जातो म्हणाला, आईला केळी हवीत. तुळिंजच्या बाजारात केळी मिळत नाहीत काय?

११ फेब्रुवारी
नामंजूर.

प्लासिडला फोन केला. लाव चाफा म्हटलं. "रडू नको गं बाय," म्हणाला. रडत नव्हते, तो म्हणाला तेव्हा रडू आलं.

१९ फेब्रुवारी
तपासनिसांचे शेरे आले. चौघांनी बरे गुण दिलेत. एकाने दहापैकी चार. तिथेच बुडाले.

‘अर्जदाराने फक्त आजारी झाडं पाहिली आहेत. शेजारची निरोगी झाडं निरोगी का राहिली, हा प्रश्नच विचारलेला नाही.’ शेरा इंग्रजीत आहे. मला मराठीत ऐकू आला, हातवाऱ्यांसकट.

विघ्नेश! म्हणजे बटण त्यानेही दाबलं नाही. मी आपला समजून परक्याला नऊ दिले, आणि त्याने मला ओळखून चार. तरीच नाताळात त्याने दुसरी नेवरी घेतली नाही. असा राग आलाय! त्याचा की माझा, ते कळत नाही. कारण शेरा बरोबर आहे. मी दिला असता तर हाच दिला असता.

मग एकदम विहिरीकडची आठ झाडं आठवली. आणि सगळं काढून टाक म्हणून मीच सांगितलंय! प्लासिड फोन उचलत नाही.

२० फेब्रुवारी
प्लासिडचा फोन आला. वाडी साफ झाली, चाफा लावून झाला. विहिरीकडची? — मी विचारलं.

"ती कशी तोडू? तुझा विघ्नेश नाताळात येऊन सांगून गेला ना — काही झालं तरी ही आठ ठेवा, मॅडम बघायला येतील. मला वाटलं, तूच पाठवलंस त्याला."