दाजींच्या शेतातली मूठभर माती

चि. धाकट्यास ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. माती-परीक्षण केंद्रात बाटल्या धुते आणि तिथली पुस्तकं वाचते.

तुझे दाजी गेल्यापासून त्यांच्या शेतातली मूठभर माती मी पुडीत उशाशी ठेवत होते. काल ती तपासायला दिली. मातीला कस देणारा कर्ब मोजायला ती भट्टीत जाळावी लागते, म्हणून हात जरा अडखळला. कर्ब भरपूर निघाला.

तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "कापणीनंतरची धसकटं इथे कोणी जाळत नसणार, मातीतच कुजू देत असणार."

"नवरा जाळू देत नव्हता. लोक त्याला आळशी म्हणायचे."

"असे आळशी हवेतच की."

ते शेत आता तू कसतोस, आणि यंदा धसकटं पेटवणार म्हणतोस. नको पेटवू. जाळायची तेवढी मूठभर मी जाळली, बाकीचं शेत राहू दे.

आईचे गुडघे कसे आहेत? पुडी रिकामी आहे, पाकिटातून चिमूटभर माती पाठव.

तुझी ताई