खोली सोडू नकोस

तारीख ४, मंगळवार

प्रिय धाकटे हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी बरा आहे. गुडघा अधूनमधून आपलं म्हणणं मांडतो, पण माझं कोण ऐकतं म्हणून मी त्याचं ऐकू? तुझ्या कानाचं काय? थेंब घालतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि फोन असतो लेकाच्या हातात, म्हणून माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या न्हाव्याला लेखक व्हावं लागतं. अक्षर लागलं नाही तर शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घे. नाही, त्यांच्याकडून नको. तूच वाच, चष्मा लावून.

तू लिहितेस, लेकाला तुझी खोली विकायची आहे. तो म्हणतो, "आई, मामाकडे जा. मामा एकटाच असतो, दोघांना सोबत होईल." सोबतीची काळजी त्याला कधीपासून लागली? लहानपणी माझ्या खुर्चीत बसला की कात्री बघूनच भोकाड पसरायचा आणि आता आईला मुळापासून कापायला निघालाय. जाऊ दे. तुला वाईट वाटेल. पोरगा वाईट नाही, घाईचा आहे.

तू विचारतेस, खिडकीपाशी तुझी खाट मावेल का. मावेल. म्हणजे मावली असती. सध्या दुकानात रंगकाम चाललं आहे आणि मागच्या भागात, मी झोपतो तिथेही. रंगाचा वास तुझ्या दम्याला चालायचा नाही. शिवाय मागच्या भिंतीला ओल आली आहे. ओल्या भिंतीवर रंग कसा बसतो असं तू विचारशील. बसतो. हल्लीचे रंग वेगळे असतात. आणि ती खिडकी गंजली आहे, उघडतच नाही, तेव्हा खिडकीपाशी खाट लावून तरी काय उपयोग.

तेव्हा घाई नको. खोली तुझ्या नावावर आहे, नवरा गेल्यावर तूच खेटे घालून करून घेतलीस. कुठे सही केली नाहीस ना? केली नसशील तर करू नकोस. केली असशील तर लगेच कळव. नाही, केली नसशील तरी कळव.

मी बहुतेक वेळ समोरच्या इस्पितळात असतो. ओळखीचा एक म्हातारा आजारी आहे. त्यामुळे तू आलीस तरी मी भेटायचो नाही.

तुझा,
दादा

ता. क. पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवू नकोस. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या पत्त्यावर पाठव. इथे पत्रं रंगात खराब होतात.


तारीख १२, बुधवार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं पत्र इस्त्रीवाल्यानं दिलं. गरम इस्त्रीजवळ ठेवलं होतं म्हणून गरम लागलं असं मला आधी वाटलं. मग वाचलं.

"दादा, मी तुला जड झाले असेन तर सरळ लिही. भिंती आणि खिडक्यांच्या मागे लपू नकोस." असं तू लिहिलंस. तू मला जड? तुला कडेवर घेऊन मी गावभर फिरलो आहे आणि तेव्हा तू चांगली भोपळ्यासारखी होतीस.

पुढचं तर मी दोनदा वाचलं. खाट विकलीस. शिलाईचं मशीन भाचीला देऊन टाकलंस. येत्या सोमवारी सह्या, त्याच दिवशी किल्ली द्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं माझ्याकडे. अगं, विचारायचंस तरी! विचारलं होतंस, खरं आहे. मीच रंगाचं काहीतरी लिहिलं.

तर ऐक. रंगकाम नाही. दुकानच नाही. पाडलं. मालकाचा मुलगा गोड बोलला, "काका, तुम्ही तर आमच्या घरचेच. नव्या इमारतीत तुमची खुर्ची पहिली." घरचेच म्हणाला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. तिथे आता गाड्या उभ्या करतात. पडदा लावून मागे मी झोपायचो तो भागही अर्थात गेला. दुकान पडलं आणि पडदा तेवढा उभा राहिला, असं कुठे होतं का?

पण तू घाबरू नकोस. माझी सोय छान झाली आहे. पक्की इमारत, डोक्यावर पंखा, नळाला पाणी, सोबतीला माणसं. इस्पितळात रोग्यांच्या नातेवाइकांसाठी मोठा हॉल असतो, तिथे. आता तू म्हणशील, तुझं कोण आजारी? तेच सांगतो.

ऑपरेशनच्या आधी रोग्यांची दाढी करायला मला तिथे बोलावतात, दुकान होतं तेव्हापासून. दुकान गेल्यावर मी पेटी घेऊन तिथेच बसायला लागलो. एका खाटेवर एक म्हातारा होता. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. मुलानं आणून घातला आणि फोन नंबर दिला तो भलत्याचाच. दाढी वाढून पार जंगल झालं होतं. मला बघवेना. मी फुकट केली. तुला ठाऊक आहे आपली पद्धत, वडिलांनी शिकवलेली: गिऱ्हाइकाचं डोकं ढकलायचं नाही, हनुवटीखाली दोन बोटं ठेवायची आणि तोंड आपणहून वळेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात मोठी नर्सबाई आली. बघत राहिली. म्हणाली, "आलात का शेवटी? भाऊ ना त्यांचे? असा हात भाऊच लावतो."

मी हो म्हणालो नाही. पण नाही पण म्हणालो नाही. तिनं मला नातेवाइकाचा पास दिला.

तेव्हापासून मी थोरला भाऊ. हॉलमधली माणसं विचारतात, "भाऊ काय म्हणतो?" मी सांगतो, "आज लापशी खाल्ली." एक बाई आहे, तिचा नवरा पोटाच्या ऑपरेशनला आलाय. ती मला रोज बजावते, "मामा, तुम्हीही काही खा, नाहीतर उद्या तुमच्यासाठी दुसरा भाऊ शोधावा लागेल." तिला काय माहीत.

त्याचं मी सगळं करतो बरं का. फसवाफसवी नाही. पुसतो, भरवतो, कूस बदलतो. पण म्हातारा बरा होत चाललाय. तुला खरं सांगतो, दुसऱ्याचं माणूस बरं होताना बघून मला भीती वाटते. असं कुणाला वाटतं का? काल नर्सबाई हसत म्हणाली, "काका, पेढे द्या. शनिवारी भावाला घरी न्या." मी म्हणालो, "बरं."

सोमवारच्या सह्या पुढे ढकल. पोट दुखतं म्हण. का ते मी सवडीनं लिहीन.

तुझा,
दादा


तारीख १४, शुक्रवार

धाकटे,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. हॉलमधली ती बाई, तिच्या नवऱ्याला आज सोडलं. ती तुमच्याच गावात राहते. ती तुझ्या हातात देईल. तिला बसव, पाणी दे आणि तिच्यासमोरच वाच. लेक विचारेल कुणाचं पत्र, तर त्याच्या हातात देऊ नकोस.

आधी मुद्द्याचं. सोमवारी सही करू नकोस. खोली सोडू नकोस. कुणी काही सांगो, दारात खुर्ची टाकून बस. आता कारण.

आज सकाळी मी म्हाताऱ्याची दाढी करत होतो. घरी जाणारा माणूस स्वच्छ असावा म्हणून. एक गाल झाला, दुसऱ्याला साबण लावला, तोच नर्सबाई कागद घेऊन आली.

"काका, उद्या गाडी घरापर्यंत सोडेल. पत्ता सांगा."

मी ब्रश पुन्हा साबणात बुडवला.

"अहो काका, घर आहे ना? की भावाला फुटपाथवर ठेवणार?"

ती हसली. आजूबाजूच्या खाटांवरचे हसले. मीही हसलो. आणि माझ्या तोंडून तुझा पत्ता गेला. गल्ली, जिना, पाण्याच्या टाकीशेजारचं दार, सगळं. मला दुसरा पत्ताच येत नाही, धाकटे. ती म्हणाली, "एवढ्या लांब? बरं, गाडीवाल्याला सांगते." आणि लिहूनसुद्धा घेतलं.

मी वस्तरा खाली ठेवला आणि मनातल्या मनात जुळवून बघितलं. उद्या आम्ही दोघं तुझ्या जिन्यात. सोमवारी तू किल्ली देऊन माझ्याकडे यायला निघणार. म्हणजे आम्ही तुझ्याकडे, तू माझ्याकडे, आणि मी कुठे? आम्हा तिघा म्हाताऱ्यांत मिळून जगात एकच दार आहे, ते तुझं. आणि तेही जाणार, का, तर दादाकडे रंगकाम चाललंय म्हणून. सगळी सोंगं आणता येतात, पण घराचं सोंग आणता येत नाही. आत माणूस यायला निघालं की ते कोसळतं.

मी नर्सबाईच्या मागे गेलो. म्हणालो, "बाई, तो पत्ता खोडा."

"का? तिकडे नाही राहत तुम्ही?"

"ते माझ्या बहिणीचं घर. ह्याचं तिथे कुणी नाही. मीही ह्याचा कुणी नाही."

"म्हणजे? हे कोण तुमचे?"

मी म्हणालो, "गिऱ्हाईक."

तो शब्द कसा आला कुणास ठाऊक. मी वॉर्डच्या दारातच उभा होतो आणि म्हाताऱ्याची वाचा गेली तरी कान शाबूत आहेत. त्यानं तोंड भिंतीकडे केलं, साबणासकट.

नर्सबाई ओरडली. ओरडायलाच पाहिजे. म्हणाली, "बाहेर खरी नातेवाईक माणसं जिन्याखाली झोपतात, जागा नाही म्हणून, आणि तुम्ही खोटा पास घेऊन आत पाय पसरता! वयाकडे बघून तरी..." मग हळू आवाजात म्हणाली, "तुमचं स्वतःचं घर कुठे आहे, काका?" मी खिशातला पास चाचपला. तिनं हात पुढे केला. मी पास दिला. म्हाताऱ्यासाठी ती निराधारांच्या आश्रमात फोन करणार आहे. जागा मिळेपर्यंत त्याला ठेवतील. माझ्यासाठी फोन करायचा का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, माझं माणूस आहे.

जाताना म्हणाली, "तो गाल तरी पुरा करा. असं अर्धवट ठेवून जाऊ नका."

मी परत गेलो. साबण सुकून पापुद्रे धरले होते. पुन्हा लावला. हनुवटीखाली दोन बोटं ठेवली आणि थांबलो. बराच वेळ त्यानं तोंड वळवलं नाही. मी ढकललं नाही. मग वळवलं. डोळे मिटलेले होते, पण गळा वर करून दिला. माझ्यावर चिडला होता, तरी वस्तऱ्यापुढे गळा दिला. एवढी नीट दाढी मी कुणाची केली नसेल.

आता इस्त्रीवाल्याच्या फळीवर बसून लिहितो आहे. पेटी जवळ आहे, कपड्यांची पिशवी जवळ आहे. तुझ्या लेकाला सांग, मामाकडे घर नाही. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिलं. लिहिल्यावर काही झालं नाही. इस्त्रीवाला कॉलरला पाणी मारतोच आहे.

लेक चिडेल. सूनबाई अबोला धरेल. धरू दे, तुला तसंही ऐकू येत नाही. तो म्हणेल, मामा नाही तर आश्रम. तर त्याला विचार, तिथे रांग किती मोठी आहे हे बघून आलास का? मी बघून आलो आहे. एकदा दार सुटलं की आपल्या वयाच्या माणसाला दुसरं कुणी उघडत नाही. भाड्यानं खोली मागायला गेलो तर आधी माझ्या केसांकडे बघतात आणि मग म्हणतात, कालच गेली. म्हणून हात जोडून सांगतो.

माझी काळजी करू नकोस. मी येऊ का, असं मी विचारत नाही. तुझी खोली एवढीशी, त्यात खाटही विकलीस. मी आलो तर लेक म्हणेल, आई जाईना ती जाईना, वर मामा येऊन बसला. तुझं आहे तेही माझ्या पायगुणानं जाईल. तेव्हा तू मला बोलावू नकोस. बोलावलंस तर मी येईन, म्हणून बोलावू नकोस.

ही बाई नवऱ्याच्या औषधांसाठी मंगळवारी परत येणार आहे. तिच्याजवळ एवढाच निरोप दे, सही केली की नाही. लिहायलाही नको, तोंडीच सांग. मी सकाळपासून इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभा राहीन. आत सोडणार नाहीत, पण फाटकातून येणारं माणूस दिसतं.

बोलावू नकोस असं दोनदा लिहिणारा,
तुझा दादा