बंद डिस्कवरचं हळदकुंकू

२ ऑक्टोबर, गुरुवार
फोटोंची सर्व्हिस बंद. ऐन दसऱ्याला! टीव्हीखालचा सर्व्हर चालू आहे, पंखा घरघरतोय, पण फोटोंचा कंटेनर, म्हणजे ते दाखवणारा प्रोग्राम, उठतच नाही. सुरू केला की लगेच मान टाकतो. लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींत, एकच रडगाणं — फोल्डर सापडत नाही.

सुयशला विचारलं. नवरा म्हणून नव्हे, घरातला एकुलता एक इंजिनिअर म्हणून. म्हणाला, "बंद करून चालू कर." निर्बुद्ध!

अण्णा, माझे वडील, चहा पिऊन सोफ्यावर बसले होते. सकाळी टीव्हीवर घरच्यांचे फोटो लावायचे, एकेकाचं नाव विचारायचं — नावं त्यांच्या हातून निसटायला लागली तेव्हापासूनचा हा माझा नेम. नेम मोडला तर उरलीसुरलीही जातील.

"आज नाय का?" म्हणाले.

काल खंडेनवमीला त्यांनी सर्व्हरवर, शेजारच्या हार्ड डिस्कवर झेंडूचा ढीग घातलाय. हळदकुंकू, अक्षता. खोक्यांचं देवघर! हात लावला नाही. वाद नको.

३ ऑक्टोबर
शिवराजचा पुण्याहून फोन. "ताई, सरळ क्लाउडवर टाक ना." भाऊ बापाला वर्षातून एकदा भेटतो, सल्ले मात्र रोज. एका फोरमवर प्रश्न टाकला. उत्तर आलं — "आधी लॉग नीट वाचायला शिका." कोण हा दीडशहाणा!

परवानग्या बदलल्या. जुनी आवृत्ती घातली. पुन्हा नवी. ढिम्म.

कालची नोंद दुरुस्त — सुयश निर्बुद्ध नाही. आळशी आहे.

४ ऑक्टोबर
सापडलं. लिहायलाही लाज वाटते. सुकलेला झेंडू काढला तर खाली डिस्कचा दिवा विझलेला. बटणच बंद! सगळे फोटो तिच्यावर. फोल्डर सापडणार कुठून? लॉग खरं बोलत होता. तो दीडशहाणाही.

"अण्णा, हे तुम्ही बंद केलं?"

"व्हय. नवमीला यंत्राला आराम द्यावा लागतो." वैजापूरला त्यांची पिठाची गिरणी होती. त्या दिवशी पट्टा उतरवून ठेवायचे, कुणाचं दळण घ्यायचे नाहीत.

"मग चालू कोण करणार होतं?"

"तू केलं नाय? तुझी गिरणी हाय ना!"

सुयश पोट धरून हसला. मी नाही. गिरणी म्हणे! कंटेनरला बजावून ठेवलं — डिस्क दिसल्याशिवाय उठायचं नाही. अण्णांना बजावलं — पुन्हा हात लावायचा नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
फोटो सुरू. गीताआत्याला ओळखलं नाही. सख्खी बहीण! "नीट बघा ना, अण्णा. कालच सांगितलं होतं." काल सकाळी तर फोटो बंद होते. म्हणजे मी खोटं बोलले. माझा आवाजही चढला का? थोडा. पण त्यांच्या भल्यासाठीच.

८ ऑक्टोबर
आजही आत्याला ओळखलं नाही. शिवराजलासुद्धा नाही. पुढचा फोटो येईपर्यंत अण्णा धोतराचा काठ चुरगाळत होते.

१२ ऑक्टोबर, रविवार
पुन्हा बंद! या वेळी आधी बटण पाहिलं. बंद. वर ताजं हळदकुंकू. कॅलेंडर उघडून पाहिलं, आज कसलाही सण नाही.

शिवराजला फोनवर म्हटलं, "अण्णांचं डोकं पार गेलं रे." मग लक्षात आलं, त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं.

१३ ऑक्टोबर
चहा देताना विचारलं, "अण्णा, काल कसला सण होता?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "सण नाय. आराम."

"मशीनला?"

"मला. तू लई विचारती, तनू."

१४ ऑक्टोबर
सकाळी डिस्कचं बटण मीच बंद केलं. अण्णांनी कुंकू लावलं — डिस्कला, मग मला.